गॅलरीतला कुयून

आमच्या वस्तीत बुरुलचासारखी टोपी शिवणारी दुसरी बाई नव्हती, आणि लोकांच्या बोलण्याला तिच्याइतकी भिणारीही दुसरी नव्हती. टोप्यांचं सगळ्या काराकोल शहराला ठाऊक होतं. भिण्याचं फक्त मला. मी तिच्याच जिन्यात, खालच्या मजल्यावर राहते. वयानं मोठी, म्हणून ती मला एजे, म्हणजे ताई, म्हणते. तिचा नवरा गेल्यापासून आम्ही एकत्र काम करत आलोय. ती लोकरीचा पांढरा नमदा कापते, मी त्यावर काळ्या मखमलीची वेलबुट्टी शिवते, आणि दोघींच्या मधे चहाची किटली.

नीटनेटकी इतकी, की पायपुसण्यालाही इस्त्री करेल. दारावर थाप पडली की आधी डोक्यावरच्या रुमालाची गाठ चाचपायची आणि मगच कडी काढायची. 'लोक काय म्हणतील' असं ती तोंडानं कधी बोलली नाही, पण अंगात कोट चढवतानासुद्धा तो विचार तिच्या आधी बाहीत शिरलेला असायचा.

तिचा एकुलता एक मुलगा जेंगिश. त्याचा कुत्रा कुयून. कुयून म्हणजे वावटळ, आणि नावाप्रमाणेच होता तो: उंच, सडपातळ, लांब तोंडाचा, कानांवर रेशमासारखे केस. शिकारी तायगान जातीचा. जेंगिशनं त्याला पिल्लू असल्यापासून वाढवलेलं. रोज नदीकाठी न्यायचा, सुट्टीच्या दिवशी मामाच्या घोड्यामागे डोंगरात पळवायचा. मग जेंगिशला रशियात गोदामात काम मिळालं. कुत्रा मामाकडे ठेवायचा तर मामानं तोवर मेंढ्या विकून टाकलेल्या, कुत्रं सांभाळायला तो तयार नव्हता. शेवटी कुयून आईच्या गळ्यात पडला.

बसस्टँडवर मी होतेच निरोपाला.

"आपा," जेंगिश आईला म्हणाला, "एक वेळ खायला कमी पडलं तरी चालेल त्याला. चालायला कमी पडू देऊ नकोस. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. नदीपर्यंत ने आणि आण, बस."

"नेईन रे. तुला वाढवलं, हा काय जड आहे?"

"शब्द दे."

"दिला म्हटलं ना! चढ आता, बस सुटेल."

शब्द तिनं खोटा दिला नव्हता. पहिले काही दिवस ती खरंच नेत होती. पण आमच्या अंगणातून बाहेर पडायचं तर बाकड्यासमोरून जावं लागतं, आणि बाकड्यावर कालीपा एजे सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेली असते. तिच्या दातांतून बी सुटेल, माणूस सुटत नाही.

"काय गं बुरुलचा, तू त्याला फिरवतेस की तो तुला?"

बाकड्यावरची दुसरी म्हणाली, "रशियन मडम झाली आपली. आता ओठ रंगवले की झालं."

"आणि कुत्रं घरात ठेवतेस म्हणे? कुत्रं असलेल्या घरात फरिश्ते पाऊल टाकत नाहीत, आता काय खिडकीतून येणार?"

बुरुलचाही त्यांच्याबरोबर हसली. ते हसू जिन्याचं दार लोटेपर्यंत टिकलं. आत आल्यावर ती कठड्याला धरून उभी राहिली.

"एजे, सगळं आयुष्य मान वर ठेवून काढलं. आता या वयात कुत्र्यामागे फरफटत जाताना लोक बघणार."

"बघू देत की. डोळे झिजतील त्यांचे."

"तुझं बरं आहे. तुला असलं काही लागत नाही."

पानगळ झाली तशी संध्याकाळची फेरी बंद पडली. म्हणाली, अंधार लवकर पडतो. बर्फ पडला तशी सकाळचीही बंद झाली. म्हणाली, गुडघे दुखतात. गुडघे दुखत होते, खोटं नाही, पण त्याच गुडघ्यांनी ती बाजारात नमदा आणायला जात होती. कुयूनची जागा आता काचा लावलेल्या गॅलरीत झाली. एका बाजूला नमद्याचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला लोणच्याच्या बरण्या, मधे चार पावलांची मोकळी फरशी. त्या फरशीवर जुने कपडे पसरून त्यावरच त्याचं सगळं व्हायचं, आणि ते कपडे ती नाक मुरडत दोनदा धुवायची.

खायला मात्र ती भरपूर घालायची. मटणाचा रस्सा, त्यात बुडवलेली रोटी, मेंढीच्या शेपटीची चरबी, सणाला तळलेले पिठाचे बोर्सोक. जितकं मन तिला खायचं, तितकं ती त्याला खायला घालायची. मी म्हटलं, "बाई, तो कुत्रा आहे, जावई नव्हे." ती म्हणाली, "त्याला दुसरं सुख काय आहे?" आणि पटकन मान फिरवून सुई ओवायला लागली.

जेंगिशचा फोन यायचा तो चेहरा दिसणारा. एकदा मी समोरच बसलेले असताना फोन वाजला. बुरुलचानं तो उचलला नाही. आधी उठून खुंटीवरचा कोट घातला, शाल गुंडाळली, गाल चोळून लाल केले, आणि मग उचलला.

"आत्ताच येतोय बघ आम्ही नदीवरून. काय थंडी आहे बाबा!"

"कुयून कुठाय? दाखव ना."

तिनं फोन गॅलरीच्या काचेला लावला. आवाज ऐकून कुयून उठला, काचेवर पंजे ठेवून कुईकुई करायला लागला.

"जाड दिसतोय गं," जेंगिश म्हणाला.

"हिवाळ्याचे केस आलेत त्याला."

फोन ठेवल्यावर ती कोट घालूनच बसून राहिली. तिच्या कपाळावर घाम आला होता, तरी तिनं तो कोट बराच वेळ काढला नाही.

कुत्र्यात फरक पडत चालला होता. आधी नुसता भुंकायचा. मग दाराची चौकट कुरतडली, मग एक अख्खा गठ्ठा नमदा फाडून त्याची लोकर घरभर केली. बुरुलचानं त्याला चपलेनं मारलं. "माजलाय मेला!" पुढे तो त्या चार पावलांच्या फरशीवर गोल गोल फिरायला लागला. एकाच बाजूनं, तासन्‌तास. खाली माझ्या छतावर त्याच्या नखांची टकटक ऐकू यायची. पुढच्या पायाचा एकच भाग चाटून चाटून त्यानं केस घालवले आणि तिथं ओली लाल जखम करून घेतली. आणि एके दिवशी टकटक थांबली. तो नुसता पडून राहायला लागला. बुरुलचा म्हणाली, "शहाणा झाला एकदाचा." तिला तसं वाटावंसं वाटत होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

वसंतातला नूरूझचा सण जवळ आला होता, टोप्यांची मागणी वाढलेली. बुरुलचा स्वयंपाकघरात चहा टाकत होती. मी म्हटलं, पांढरा गठ्ठा मीच आणते. गॅलरीचं दार उघडलं. कुयून भिंतीकडे तोंड करून झोपला होता. गठ्ठा त्याच्या पाठीमागे. मी वाकून हात घातला आणि माझं कोपर त्याच्या दुखऱ्या पायाला लागलं.

तो भुंकला नाही, गुरगुरला नाही. वळला आणि माझा उजवा अंगठा त्याच्या दातांत आला. लगेच सोडलाही त्यानं. सोडून कोपऱ्यात बरण्यांच्या मागे अंग चोरून बसला आणि थरथरायला लागला. माझ्यापेक्षा तोच जास्त भ्यालेला.

बुरुलचा धावत आली. पांढऱ्या नमद्यावर रक्त पडत होतं. तिनं माझा हात बघितला, मग कुत्र्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मीच तिला म्हटलं, "अगं, बस खाली, पडशील."

दवाखान्यात डॉक्टरांना मी काय घडलं ते खरं सांगितलं. टाके पडले, इंजेक्शनं सुरू झाली. कुत्र्याला लस दिलेली होती, तरी काही दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा म्हणाले. पण अंगणात कालीपानं विचारलं, "हाताला काय गं झालं?" तेव्हा मी म्हटलं, "कात्री लागली." आमच्याकडे कुत्रं चावल्याची बोंब झाली की कुत्री मारणारे बंदूकवाले यायला वेळ लागत नाही. मला त्या जनावराचं भ्यालेलं तोंड आठवत होतं.

बुरुलचा माझ्या शेजारीच उभी होती. तिनं मान खाली घातली. वर आल्यावर म्हणाली, "माझ्यासाठी खोटं बोललीस."

"तुझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी."

त्यानंतर अंगठा सुई धरेपर्यंत माझ्या वाटणीची वेलबुट्टीही तिनंच शिवली, आणि माझ्या घरचं भांडंसुद्धा मला घासू दिलं नाही. रोज पट्टी बघायची. रोज विचारायची, "ठणकतंय?" मी नाही म्हटलं तर तिला खरं वाटायचं नाही आणि हो म्हटलं तर जेवायची नाही.

लक्ष ठेवायचे दिवस संपले तशी एका सकाळी ती म्हणाली, "एजे, चल माझ्याबरोबर. त्याला शेवटची सुई देऊन टाकते. जेंगिशला सांगेन, आजारी पडून गेला."

शेजाऱ्याच्या गाडीत घालून आम्ही त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण मीरगुल नावाची, बाह्या वर केलेली, केसांना गुराख्यासारखी पट्टी बांधलेली. बुरुलचानं आपलं म्हणणं सांगितलं. मीरगुलनं कुत्र्याचे डोळे, दात, पोट, पाय सगळं बघितलं.

"दिवसातून किती वेळा बाहेर नेता?"

"दोनदा," बुरुलचा म्हणाली.

मीरगुलनं कुयूनचा पंजा उचलून तिच्यासमोर धरला. नखं वाढून आत वळली होती, म्हाताऱ्या बोकडाच्या शिंगांसारखी. चालणाऱ्या कुत्र्याची नखं आपोआप झिजतात, हे आमच्यासारख्या मेंढपाळांच्या मुलींना सांगावं लागत नाही. मीरगुलनं पंजा तसाच धरून ठेवला.

बुरुलचानं ती नखं बघितली. "नेत नाही," ती म्हणाली. "बर्फ पडल्यापासून एकदाही नेलेलं नाही. मुलाला रोज खोटं सांगते."

"का नाही नेलं?"

"लाज वाटली. लोक हसतात."

मीरगुलनं पंजा हळूच खाली ठेवला. "एजे, हा पिसाळलेला नाही, खुनशीही नाही. वजन वाढलंय, पोट बिघडलंय, सांधे धरलेत. पायाची जखम त्यानं कंटाळून केलीय. करायला दुसरं काहीच नव्हतं त्याला. दिवसभर नाक चालायला हवं, पाय चालायला हवेत, ते सगळं आत कोंडलंत. दुखऱ्या पायाला झोपेत धक्का लागला, दचकून चावला. मी आज सुई देणार नाही."

"मग काय करू?"

"फिरवा. आधी थोडंसं, मग रोज जरा जास्त. ओढू नका. हुंगत थांबला तर तुम्हीही थांबा. माणसांत नेताना तोंडाला मुसकं घाला. चरबी बंद. नखं आता मी कापते. महिनाभर हे करा, आणि मग वाटलं तर या माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच बुरुलचा पट्टा घेऊन निघाली. मी जिन्यात आवाज ऐकला म्हणून दार उघडलं. कुयून वरच्या पायरीवर उभा होता. पुढचा एक पाय खाली टाकायचा, परत घ्यायचा. अंग थरथरत होतं. जो डोंगराच्या कड्यावरून दगडासारखा खाली सुटायचा, त्याला घरचा जिना उतरवत नव्हता.

"विसरला गं एजे," बुरुलचा म्हणाली. "खाली जायचं विसरला तो." आणि ती रडायला लागली. ओढायचं नाही असं सांगितलेलं, उचलायला तो जड. मग त्या पायपुसण्याला इस्त्री करणाऱ्या बाईनं काय करावं? आपल्या चांगल्या कोटानिशी त्या मळक्या पायरीवर बसली, खालच्या पायरीवर सरकली, आणि त्याला म्हणाली, "ये." तो एक पायरी उतरला. ती आणखी एक सरकली. अशी पायरी पायरी करत ती सबंध जिना बसून उतरली. वाटेत शाळेत निघालेली मास्तरीण वरून आली. बुरुलचानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पहिल्या दिवशी ती दोघं चिनाराच्या झाडांपर्यंतच गेली. तिथं बर्फातून वर आलेल्या कुठल्याशा काडीला त्यानं नाक लावलं आणि तिथंच इतका वेळ उभा राहिला की बुरुलचाची बोटं गारठली. ती हलली नाही.

हळूहळू फेरी वाढली. कोपऱ्यापर्यंत, मग पुलापर्यंत, मग नदीपर्यंत. पाय चाटणं कमी झालं, जखमेवर मऊ केस आले. घरी आला की फरशीवर लांब होऊन गाढ झोपायचा. चौकट कुरतडणं थांबलं, कारण नसताना भुंकणं थांबलं. पण बुरुलचाला त्यानं बरं वाटत नव्हतं. "बघ," ती म्हणायची, "एवढंच तर हवं होतं त्याला. एवढंच." दुसरी बाई आनंदली असती. तिला प्रत्येक सुधारणा टोचायची.

आणि कुत्रा तर तिच्यावर जीव टाकायला लागला. ती उठली की उठायचा, ती बसली की तिच्या पावलावर हनुवटी टेकायचा. "एकदा तरी गुरगुरावं माझ्यावर," ती म्हणाली. "मारलंय मी त्याला."

अजून ती उजाडताना निघायची, म्हणजे बाकडं रिकामं असायचं. उन्हाळी दिवस आले तशा बाया लवकर बाहेर येऊ लागल्या, आणि एका सकाळी परत येताना कालीपा एजेनं तिला गाठलंच. मी त्यांच्यातच बसले होते. टाके केव्हाच निघाले होते, पण अंगठा नीट वळत नव्हता.

"अगंबाई, मडमेनं परत सुरुवात केली वाटतं! आणि त्याच्या तोंडाला हे काय टोपलं बांधलंय? चावतो की काय?"

सगळ्या हसल्या. बुरुलचा त्या दिवशी हसली नाही. पट्टा हातात घट्ट धरून उभी राहिली.

"हो, चावला," ती म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं. "सायराकान एजेच्या हाताला कात्री लागलेली नाही. माझा कुत्रा चावलाय तिला."

मी म्हटलं, "अगं, गप."

"नाही, बोलू दे. सबंध हिवाळा मी याला डांबून ठेवला. तुम्ही हसाल म्हणून. तुमचा दोष नाही, हसणाऱ्यांचं काय, मीच घाबरट. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा बंदूकवाल्यांना. पण आधी मला विचारा, मी सांगेन दोष कुणाचा."

कालीपाच्या हातातल्या बिया हातातच राहिल्या. एकीनं पाय आखडून घेतले. कुयून बिचारा खाली बसून चिमण्या बघत होता.

शेवटी कालीपानं घसा खाकरला. "अगं बये, आम्ही मेल्या म्हाताऱ्या, तोंडाला कुलूप नाही. त्यात एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" मग कुत्र्याकडे बघून, "मुसकं घालतेस ना? घालत जा. आणि उद्या जाताना माझी खिडकी वाजव. साखर झाल्यापासून डॉक्टर चाल चाल म्हणून डोकं खातोय, आणि एकटीनं चालायची मला लाज वाटते."

बायांत हशा पिकला. बुरुलचा वर आली आणि सिंकपाशी उभं राहून कितीतरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिली.

बाकड्यापेक्षा अवघड होतं ते जेंगिशला सांगणं. तो फोन तिनं माझ्यासमोर केला, कोट न घालता. सगळं सांगितलं: गॅलरी, खोट्या फेऱ्या, चप्पल, माझा अंगठा, शेवटच्या सुईचा बेतसुद्धा. जेंगिश ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "आपा, मला आत्ता काही बोलायचं नाही." आणि फोन बंद केला. पुढे बरेच दिवस त्याचा फोन आला नाही. बुरुलचानं स्वतःहून केला नाही. म्हणाली, "रागवायचा हक्क तरी राहू दे त्याच्याकडे."

भर उन्हाळ्यात तो रजेवर आला. कुयूननं त्याचं काय स्वागत केलं ते सांगायला नको. शेजारपाजारचे लोक बाहेर आले त्या आवाजानं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे मामाच्या गाडीनं वरच्या कुरणावर गेलो. जेंगिशनं पट्टा सोडला. कुयून सुटला, आणि क्षणभर तोच जुना कुयून दिसला. गवतातून एक ससा उठला. कुयून त्याच्या मागे निघाला, उतार पार केला, आणि चढावर मंदावला. मागचा पाय आखडला होता. थांबला, जीभ बाहेर काढून उभा राहिला. ससा निघून गेला. मग कुयून वळला, लंगडत खाली आला, जेंगिशला ओलांडून बुरुलचापाशी जाऊन बसला.

जेंगिश पट्टा हातात घेऊन दगडावर बसला. तो रागावला असता तर बुरुलचाला सोसलं असतं. त्यानं फक्त विचारलं, "आपा, पाणी आणलंयस त्याच्यासाठी?" तिनं वाडग्यात पाणी ओतलं. निम्मं गवतात सांडलं. जेंगिशनं पुढे होऊन वाडगा धरला.

जाताना तो कुत्र्याला मामाच्या गावी एका शिकाऱ्याकडे ठेवणार होता. नाही ठेवलं. "शिकारीचा राहिला नाही तो आता," म्हणाला. "तुझ्याचजवळ राहू दे. तुझी सवय झालीय त्याला." हे तो रागानं म्हणाला की मायेनं, हे बुरुलचा मला अजून विचारते. मला वाटतं, त्यात दोन्ही होतं. आता त्याचा फोन येतो, आणि तो कुत्र्याचं काही विचारत नाही. तिनं सांगितलं तर ऐकतो.

कुयूनच्या तोंडावर आता पांढरे केस आलेत. ती त्याला रोज नेते, चिखल असो की बर्फ. कालीपा एजे पुलापर्यंत बरोबर असते, बडबडत. बाजारात लोक म्हणतात, "बुरुलचा, कुत्र्याची काळजी घ्यावी तर तुझ्यासारखी." तेव्हा ती मान हलवते आणि विषय बदलते. मी तिला किती वेळा म्हटलं, "पुरे आता. कुयूननं केव्हाच माफ केलं तुला."

ती म्हणते, "माफ करायला आधी कळावं लागतं, एजे, की कुणी आपलं वाईट केलं. त्याला तेही कळलेलं नाही. त्याला वाटतं, हिवाळा होता म्हणून तसं झालं."

मी अंगठा चोळत वेलबुट्टी शिवत राहते. ती कामावरून उठते, रबरी बूट चढवते, आणि दाराशी बसलेला कुयून तिच्या आधी पायऱ्या उतरायला लागतो.